'वडील' हा एक रकाना पुरत नाही

नमस्कार काका,

तुम्ही आमच्याच कुळातले, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की कुलवृत्तांताचं काम एक्सेलमध्ये भागतं, त्यासाठी दोन वर्षं प्रोग्रॅम लिहीत बसायची गरज नव्हती. आणि मुलींची मुलंबाळं घेतली तर कुलवृत्तांत आपल्या कुळाचा राहणार नाही.

सुरुवात मीही एक्सेलनेच केली होती. क्रमांक, नाव, वडिलांचा क्रमांक, पत्नी, अपत्यं. पहिल्याच दत्तकाला अडकलो. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. बडोद्याचे सयाजीराव महाराज 1863 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला जन्मले, तेव्हा नाव गोपाळ, वडील काशीराव. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं. दत्तक वडील खंडेराव, आणि ते तर 1870 मध्येच वारले होते. आता 'वडील' या रकान्यात कोणाला लिहायचं? काशीराव लिहिले तर गादीचा वारसा तुटतो, खंडेराव लिहिले तर सख्खे भाऊ परके होतात. दोन ओळी केल्या तर एका माणसाची दोन माणसं होतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये माणूस एकच राहतो, नावं हवी तितकी देता येतात, आणि जनक की दत्तक हे त्या-त्या नात्याच्या नोंदीत असतं.

तारखांचंही तसंच. शकात 78 मिळवले की इसवी सन, हे जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत चुकतं. तेव्हा 79 मिळवावे लागतात. नुसतं 'पौष, शके 1819' असेल तर डिसेंबर 1897 की जानेवारी 1898 हे तिथीशिवाय ठरत नाही. म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवतो आणि काढलेलं साल त्याच्या शेजारी.

मुलींबद्दल मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. आपल्या जुन्या छापील प्रतीत माझ्या आजोबांच्या सख्ख्या बहिणींच्या जागी 'कन्या 2' एवढंच आहे. दोघी म्हाताऱ्या होऊन गेल्या, त्यांची नातवंडं आजही आपल्या लग्नकार्यांना येतात, आणि आपल्या ग्रंथात त्यांना नावही नाही. माहेरची यमू सासरी लक्ष्मी झाली की माहेरच्या कागदात ती सापडत नाही आणि सासरच्या कागदात तिचं माहेर सापडत नाही. ही दोन टोकं जोडायची, यासाठीच मी हे काम हातात घेतलं. तुम्हाला फक्त आपल्या आडनावाची शाखा छापायची असेल तर तशी निवड प्रोग्रॅममध्ये आहे.

प्रोग्रॅम उद्या बंद पडला तर काय, ही तुमची शंका मात्र रास्त आहे. म्हणून सगळी माहिती जेडकॉममध्ये बाहेर काढता येते. वंशावळीच्या नोंदींची ही साध्या मजकुराची पद्धत 1984 पासून चालत आली आहे. ग्रॅम्प्ससारख्या फुकट प्रोग्रॅममध्येही ती फाइल उघडते. शिवाय दर दिवाळीला एक छापील प्रत काढून बांधून ठेवतो.

एक विनंती. तुमच्या आईंचं माहेरचं नाव आणि गाव आमच्याकडे नाही. त्यांच्या बहिणींची नावं आठवत असतील तर तीही कळवाल का?