एन्रॉनने फसवलं, म्हणून सगळेच दलाल?

शिमगा तोंडावर आला आणि गुहागर-दापोलीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज पुन्हा फिरू लागला: 'एन्रॉनने कोकणाला फसवलं. तेव्हापासून प्रकल्प हवा म्हणणारा प्रत्येक जण दलाल. घरचा असला तरी भरवसा नको. त्याच्या दारात पालखीही नको.'

पहिलं वाक्य मान्य. एन्रॉन म्हणजे गुहागर तालुक्यात दाभोळ वीजप्रकल्प आणणारी अमेरिकन कंपनी. १९९३ चा वीजखरेदी करार लोकांना आधी दाखवलाच नाही. अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या लोकांनी, बायकांनीसुद्धा, लाठ्या खाल्ल्या. वीज मंडळाला ती वीज परवडेना, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली.

मेसेजवाले म्हणतात, 'त्या विचाराचे सगळे तसलेच.' खासगीकरणाची भलामण करण्यात जागतिक बँकेचा हात कोण धरणार? पण दाभोळला कर्ज द्यायला १९९३ मध्ये तिनेच नकार दिला, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून. आता दुसरी बाजू बघा. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा करणारे शिवसेना-भाजपवाले १९९५ ला सत्तेवर आले, ऑगस्टात त्यांनी करार रद्दही केला, आणि पुढच्या जानेवारीपर्यंत नव्या वाटाघाटी करून तोच प्रकल्प दुसऱ्या टप्प्यासकट पदरात घेतला. विरोधातल्याच समाजवादी नेत्या मृणालताई गोरे मात्र त्यानंतरही रस्त्यावर होत्या. मेसेजचं माप लावायचं तर विरोध करणारेही सगळे दलाल, मृणालताईंसकट. लावता का?

त्यांचं दुसरं म्हणणं, 'ठेच लागली, शहाणे झालो.' दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, ओतून देत नाही. संशय घ्यायलाच हवा, पण तो कागदांवर. गेल्या दोन-चार वर्षांत सातबाऱ्यावर कुणाची नावं चढली? पर्यावरणाचा अहवाल मराठीत कुठाय? पाणी कुठून आणणार, आणि वापरून झाल्यावर सोडणार कुठे? हे प्रश्न विचारायला प्रकल्पाच्या बाजूचा माणूस कधी कधी जास्त उपयोगी पडतो. आमच्या वाडीतला एक मुलगा आयटीआय करून प्लांटवर नोकरीला लागला. मागे एका जनसुनावणीचा जाडजूड अहवाल आला, तेव्हा थंडाव्याचं पाणी किती गरम होऊन खाडीत उतरणार ते कोष्टक त्यानेच शोधून काढलं आणि मासेमारी सोसायटीच्या बैठकीत पेन्सिलीने खुणा करून समजावलं. तो आजही म्हणतो, प्रकल्प यायला हवा. (आमचं यावर रोज वाजतं.) त्याला ग्रुपातून काढलं असतं तर ते पान आम्हाला कोण वाचून दाखवणार होतं?

राहिली पालखी. ती गावकीची, कुणाच्या मताची नव्हे. मताच्या रागाने एखाद्याचं घर वगळलं, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आड येऊ शकतो. त्या कायद्याला तोंडी बहिष्कारही पुरतो. इथे तर तो लिहून पुढे पाठवलाय.