व्यसन एकच, वागणूक दोन

ऑस्ट्रेलियातील आदिवासी फुटबॉलपटूंच्या व्यसनाधीनतेवरील लेखात तिचे मूळ लेखकाने केवळ त्यांच्या वस्त्यांतील वातावरणात शोधले आहे, ते मला अपुरे वाटते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील वेस्ट कोस्ट ईगल्स क्लबचा गोरा तारांकित खेळाडू बेन कझिन्स अमली पदार्थांच्या आहारी गेल्याचे २००७ मध्ये उघड झाले, तेव्हा तो उपचारांसाठी अमेरिकेला गेला आणि वर्षभराची बंदी भोगून २००९ मध्ये रिचमंड क्लबकडून पुन्हा मैदानात उतरला. हे योग्यच झाले. मात्र त्याच २००७ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातील नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील आदिवासी भागांवर सरसकट दारूबंदी लादताना, १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा आड येऊ नये म्हणून सरकारने या उपाययोजनांपुरता तो बाजूला ठेवला. यांतील कित्येक वस्त्यांनी स्वतःहून आधीच दारूबंदी केलेली होती, याची दखल फारशी कोणी घेतली नाही. ज्या लीगच्या सामन्यांत बीअरच्या जाहिराती वर्षानुवर्षे झळकत आल्या, तिने दारूबद्दल उपदेश करावा, हेही नवलच! शिवाय निर्व्यसनीपणाने वंशद्वेष टळत असता, तर लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक दोनदा जिंकणाऱ्या आदिवासी अ‍ॅडम गुड्सची २०१५ मध्ये मैदानोमैदानी हुर्यो उडवली गेली नसती. त्याबद्दल लीगने माफी मागितली, पण ती २०१९ मध्ये, तो निवृत्त होऊन जवळपास चार वर्षे झाल्यावर.