प्रभात रोडचे बंगले ‘ब्रिटिशकालीन’? नाही हो!

सध्या फॉरवर्ड फिरतोय की पुण्यात प्रभात रोड, भांडारकर रोडवरचे सपाट गच्चीचे जुने बंगले इंग्रज साहेबांसाठी बांधले होते. अहो, ज्या प्रभात फिल्म कंपनीवरून रोडला नाव पडलं तीच मुळात 1933 ला कोल्हापूरहून पुण्यात आली! साहेबांचे बंगले कॅम्पात (लष्करी छावणीच्या भागात), उतरतं कौलारू छप्पर आणि ऐसपैस व्हरांडा. हे आरसीसीचे, लांब आडवे छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, खाली मोझॅक, आणि बरेचसे स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याच डॉक्टर-वकील-प्रोफेसर मंडळींनी बांधून घेतलेले, तिकडे कॅलिफोर्नियात 1945 पासून केस स्टडी हाऊसेस (आधुनिक शैलीची नमुन्याची घरं) चालू झाली साधारण तोच काळ. मला तर ती जाळीच सगळ्यात भारी वाटते, ऊन अडवते आणि वारा आत सोडते, एसी कशाला हवा (एप्रिल-मे सोडून 😄).