साउथॉलचा बीठलु आणि आपली दर्शनरांग

रविवारी सकाळी लंडनमधल्या साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात गेले. जोडाघरात बूट ठेवले, टोपलीतला केशरी रुमाल डोक्याला बांधला आणि दरबारात बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसले. रागी, म्हणजे कीर्तन करणारे, गात होते. पडद्यावर ओळी सरकत होत्या, वर गुरुमुखी आणि खाली इंग्रजी अर्थ. गुरुमुखी मला अडखळत का होईना, वाचता येते. एक ओळ आली आणि मी भिंत सोडून ताठ बसले : ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही’. इथे विठ्ठल, तिथे विठ्ठल, विठ्ठलावाचून जगच नाही. शेजारच्या जालंधरच्या आजी डोळे मिटून तीच ओळ पुटपुटत होत्या. पडद्याची त्यांना गरज नव्हती. नंतर लंगरला खाली उतरताना मी त्यांना पंढरपूरबद्दल विचारलं. नाव कधी ऐकलं नव्हतं म्हणाल्या. पण नामदेव? ते तर आमचे, घुमानवाले!

घुमान पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात आहे. नामदेवांनी आयुष्याची बरीच वर्षं तिथे काढली अशी परंपरा सांगते. २०१५ मध्ये ८८ वं साहित्य संमेलन तिथे भरलं, तेव्हा आपल्याकडे नामदेवांच्या पंजाबची आठवण निघाली. संमेलन उरकलं आणि विषयही उरकला. गुरुग्रंथसाहिबाच्या १४३० अंगांमध्ये (पानांना तिथे अंग म्हणतात, कारण ग्रंथ हाच गुरू आणि गुरूला पानं नसतात) नामदेवांची ६१ पदं आहेत. जगात कुठल्या ना कुठल्या गुरुद्वाऱ्यात ती रोज कुणीतरी म्हणतंच.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझा फोन. नांदेडच्या शाळेतला आमचा दहावीचा ग्रुप आहे. आठवडाभर त्यावर एकच वाद पेटला होता : देवळात पैसे भरून लवकर दर्शन घ्यावं की नाही. सुरुवात साधीच होती. एकाने सहकुटुंब फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘पास काढला, वीस मिनिटांत बाहेर’. दुसरा म्हणाला, देवाच्या दारात कसला पास? मग तिसरा, चौथा. त्र्यंबकेश्वरचे २०० रुपये निघाले, राजकारणी मागच्या दाराने कसे जातात ते निघालं, म्हाताऱ्या माणसांनी आठ तास उभं राहायचं का हेही निघालं. शेवटी एकाने ठरलेलं वाक्य टाकलं : ‘आपण नामदेव-तुकारामांच्या भूमीतले आहोत, आपल्याला समता कुणी शिकवायची गरज नाही.’

यावर मला गप्प बसवेना. कारण ग्रंथसाहिबातल्या त्या ६१ पदांत एक पद असं आहे, जे शाळेत आम्हाला कुणी शिकवलं नाही. राग भैरव, अंग ११६४. नामदेव म्हणतात, हसत खेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत होतो, तर नाम्याला धरून उठवलं. माझी जात हीन, यादवराया, छिप्याच्या (कापड छापणाऱ्याच्या) पोटी मी का जन्मलो? मग घोंगडी उचलून ते देवळाच्या मागे जाऊन बसतात आणि देऊळच त्यांच्याकडे फिरतं. आमच्याकडे औंढा नागनाथला ही कथा चमत्कार म्हणून सांगतात. देऊळ फिरलं, हात जोडा, पुढे चला. ‘धरून उठवलं’ हा भाग सांगणारा पटकन गिळतो. पंजाबात तोच भाग सातशे वर्षांनीही रागात बसवून गातात.

आता कुणाला वाटेल, बाई परदेशात गेल्या आणि गुरुद्वाऱ्याच्या प्रेमात पडल्या. तसं नाही. मी नांदेडची आहे. तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या सावलीत वाढले. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये तिथेच गेले आणि जाण्याआधी यापुढे ग्रंथच गुरू असं सांगून गेले. होळीची हल्ला महल्ला मिरवणूक, दिवाळीच्या आधी तख्तस्नानासाठी, म्हणजे गुरुद्वारा धुण्यासाठी, गोदावरीवरून घागरी घेऊन येणारी माणसं, हे आमच्या गल्लीतलं वर्षाचं वेळापत्रक. वर्गात दखनी शीख मुलं होती, माझ्याहून चांगलं मराठी बोलायची आणि शिव्याही मराठीतच द्यायची. गुरुद्वारा माझ्यासाठी नवलाचा नाही. मला नवल वाटतं ते तिथल्या व्यवस्थेचं, आणि तेही इथे आल्यावर वाटायला लागलं.

ती व्यवस्था म्हणजे काय? दरबारात उंच आसन एकाच गोष्टीला, ग्रंथाला. बाकी सगळे सतरंजीवर. कडा प्रसाद, म्हणजे शिरा, एकाच परातीतून, हात पुढे केला की तेवढाच गोळा, तुम्ही डॉक्टर असा नाहीतर काल विमानतळावर उतरलेला विद्यार्थी. खाली लंगरला पंगत. तिसरे गुरू अमरदास यांच्यापासून ‘पहले पंगत, पाछे संगत’ (आधी जेवणाची पंगत, मग भाविकांची सभा) असा दंडक. बादशहा अकबरालाही आधी पंगतीत बसावं लागलं असं सांगतात. खर्च दसवंधातून, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा. साउथॉलचा हा गुरुद्वारा २००३ मध्ये उघडला तोही देणग्यांवरच. पैसे भरणारे खूप आहेत, पण भरलेल्या पैशाच्या बदल्यात पुढे घेऊन जाणारी वेगळी रांग नाही. मला फरक एवढाच दिसतो. कुणाचं मन अधिक शुद्ध आहे असं नव्हे. सोय अशी करून ठेवली आहे की मन अशुद्ध असलं तरी फारसं बिघडत नाही.

आणि ही सोयसुद्धा आपोआप टिकलेली नाही. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये अमृतसरला दलित समाजातल्या काही जणांनी अमृत घेतलं, म्हणजे शीख दीक्षा घेतली, आणि ते कडा प्रसाद घेऊन दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात गेले. पुजारी त्यांचा प्रसाद घेईनात! वाद पेटला. शेवटी ग्रंथाचाच हुकम घ्यायचं ठरलं. ग्रंथ उघडला तर ओळी निघाल्या त्या अशा अर्थाच्या, की गुणहीनांनाही तो स्वतःच क्षमा करून सेवेला लावतो. पुजाऱ्यांचा नाइलाज झाला. पुढच्याच महिन्यात गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती उभी राहिली, पाच वर्षं आंदोलन चाललं आणि १९२५ मध्ये गुरुद्वारा कायदा झाला. गुरूंच्या शिकवणीला चारशे वर्षं होऊनही प्रसाद नाकारला गेला होता, हे लक्षात घ्या. आपल्याकडे १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या दारासाठी साने गुरुजी उपोषणाला बसले. दोन्हीकडे दार आतून कुणी उघडलं नाही.

इथल्या शिखांचं कौतुक करताना जीभ जरा आवरावी लागते. साउथॉलमध्येच रामगढियांचा (सुतार-लोहारांचा) गुरुद्वारा वेगळा आहे, रविदासियांचा (चर्मकार समाजाचा) वेगळा. पगडीच्या हक्कासाठी बर्मिंगहॅमच्या एका बापाने मुलाच्या शाळेविरुद्ध खटला लढवला आणि १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शिखांना वांशिक समूह मानून त्याच्या बाजूने निकाल दिला. हक्क मागताना सगळे शीख एक. लग्न जमवायची वेळ आली की जाट, खत्री, रामगढिया सगळे आपापल्या खुर्चीवर. ब्रिटनच्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करावा, यावर इथे वर्षानुवर्षं घासाघीस चालली. २०१८ मध्ये सरकारने तो विचार सोडून दिला. विरोध करणाऱ्यांत हिंदू संघटना होत्या तशा काही शीख संघटनाही होत्या. बायकांचंही तेच. साउथॉलमध्ये बायकांचा जथा (गट) मी कीर्तन करताना ऐकला आहे. अमृतसरच्या दरबार साहिबात ती परवानगी नाही, २०१९ मध्ये पंजाब विधानसभेने ठराव करूनही नाही. आणि तिथेही मोठा पाहुणा आला की त्याला बाजूने आत नेतात.

तरी वैशाखीला नगरकीर्तनाची मिरवणूक निघते तेव्हा मी दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभी राहते. पुढे झाडू मारणारे, पाणी शिंपडणारे. मागे अनवाणी चालणारे पंज प्यारे, गुरू गोविंदसिंगांनी खालसाची पहिली दीक्षा दिलेल्या पाच जणांच्या आठवणीतले. १६९९ च्या पहिल्या पाचांत लाहोरचा खत्री होता, हस्तिनापूरचा जाट, जगन्नाथपुरीचा पाणक्या, द्वारकेचा कापड छापणारा आणि आमच्या नांदेडच्या शेजारचा, बीदरचा न्हावी. कापड छापणारा म्हणजे छिंबा. नामदेव ज्या छिप्याच्या पोटी जन्मल्याबद्दल रडले, तोच तो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, नाहीतर ग्रुपवरचे म्हणतील हिला काय जातंय बोलायला. काही वर्षांपूर्वी मी इथल्या एका मराठी मंडळाच्या गणपतीच्या कमिटीत होते. प्रायोजकांसाठी पहिल्या दोन रांगा राखीव, आरतीचं तबक आधी त्यांच्या हातात, जेवायला त्यांच्यासाठी वेगळं टेबल. एका आजोबांना स्वयंसेवकाने दुसऱ्या रांगेतून उठवून मागे बसवलं. मी पाहिलं. हॉलचं भाडं कोण भरणार, या प्रश्नावर बैठकीत मान हलवणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे गप्प राहिले. आजोबांनी काही वाद घातला नाही. प्रसाद न घेता गेले, एवढंच.

म्हणून पासबद्दलचं माझं मत सांगते. गर्दी खरी आहे, आषाढीला पंढरीत लाखो माणसं येतात, वेळ ठरवून देणारं टोकन असायला काहीच हरकत नाही. म्हाताऱ्यांना, अपंगांना, कडेवर मूल असलेल्या बाईला आधी सोडा. त्यावर कुणी भांडत नाही. भांडण किमतीचं आहे. पैसे घेऊन पुढे सोडलं की मागे उभ्या असलेल्या माणसाला आपण सांगत असतो, तुझा वेळ स्वस्त आहे. देवस्थानाचा खर्च निघायचा कसा, हा प्रश्न दानपेटीचा आहे, रांगेचा नाही. आणि सरकारने आत हात घातला म्हणून हे सुधारेल असंही मला वाटत नाही. हजूर साहिबच्या मंडळावर १७ पैकी १२ सदस्य सरकारने नेमायचे, असा बदल २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केला, तेव्हा नांदेडपासून अमृतसरपर्यंत विरोध झाला आणि सरकारला थांबावं लागलं. जी संगत दसवंध देते, ती ‘आमच्या घराचा कारभार आम्ही बघू’ म्हणू शकते. आपण पावती फाडतो आणि गिऱ्हाइकासारखे बोलतो.

खुर्च्यांचं मात्र राहिलं. १९९८ मध्ये अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, हुकूम काढला की लंगर जमिनीवर बसूनच घ्यायचा, टेबल-खुर्च्या नकोत. कॅनडात यावरून गुरुद्वाऱ्यांत हाणामारीपर्यंत गेलं होतं. मला दोन्ही बाजू कळतात. मागच्या उन्हाळ्यात आई इथे आली होती, गुडघ्यांनी बेजार. लंगरमध्ये तिला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं आणि मी खाली सतरंजीवर. सेवादार ‘परशादा जी, परशादा’ म्हणत आला. मी सवयीने एक हात पुढे केला. वरून आईचा आवाज आला, ‘दोन्ही हात कर गं, नांदेडची ना तू?’ सेवादार थांबला होता. मी ओंजळ केली, मगच पोळी हातात पडली.

त्या रविवारी पडद्यावरच्या ‘बीठलु’चा फोटो मी ग्रुपवर टाकला, खाली भैरवातल्या पदाचा अर्थ लिहिला, अंग ११६४ सकट. अकरा जणांनी हात जोडले. एकाने ‘रामकृष्ण हरी’ लिहिलं. त्याच्या खाली पाच मिनिटांत पुढचा मेसेज होता : ‘शनिवारी सासरचे येताहेत, आठ जण. पाससाठी देवस्थानात कुणाची ओळख आहे का?’