बुरशीचे शेंगदाणे धुवून, भाजून खा म्हणे!

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायलाय. शेंगदाण्याला बुरशी आली तर टाकू नका, मिठाच्या पाण्यात धुवा, खरपूस भाजा, विष मरतं. कडू दाणा लिव्हरला चांगला. जवस कधीच खराब होत नाही. दाणे फ्रिजमध्ये ठेवू नका. डब्यात कडुनिंबाचा पाला टाका. असली कायबाय फॉरवर्ड येतच असतात, पण खानापूरच्या आमच्या काकूंनी हे वाचून पावसात दमट झालेल्या पोत्यातले हिरवट दाणे चटणीसाठी बाजूला काढले, मग मात्र डोकं फिरलं.

अहो, भाजल्यावर बुरशी मरते, विष नाही! त्या बुरशीनं सोडलेलं अफ्लाटॉक्सिन दाण्याच्या आत मुरलेलं असतं, वरून धुवून काय जाणार? भाजून थोडं कमी होतं, पण पुरतं मोडायला अडीचशे डिग्रीच्या आसपास ताप लागतो, तोवर दाण्याचा कोळसा होईल. 1974 ला राजस्थानात बांसवाडा आणि गुजरातेत पंचमहाल भागात पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली, कावीळ होऊन. त्यांनी काय मका कच्चा खाल्ला होता? जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवाली संस्था या अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, कॅन्सर नक्की करणाऱ्यांत धरते, म्हणजे आमच्या निपाणीच्या तंबाखूच्या रांगेत. आणि हे नेमकं लिव्हरच धरतं, तरी मेसेजवाला म्हणतोय लिव्हरला चांगलं! सुरकुतलेला, काळपट, कुबट वासाचा दाणा सरळ टाका, आणि टाकायचा म्हणजे म्हशीच्या आंबोणात नव्हे, ते दुधात उतरतं.

जवस खराब होत नाही म्हणे. अख्खं बरंच टिकतं, पण कुटलं की लवकर खवटतं. ऑइल पेंटसारखा वास आला की समजायचं. कारळं, तीळ यांनाही खवटपणा येतोच, चार दाणे चावून बघा, कळतंय.

फ्रिजचं उलटंच सांगितलंय, थंडीत तेल उशिरा खवटतं. फक्त डबा घट्ट झाकणाचा पाहिजे आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडायचा नाही, नाहीतर आत पाणी धरतं आणि मग बुरशीला आयतंच निमंत्रण.

राहिला कडुनिंबाचा पाला. बरं, हे मान्य, किडीला थोडाफार आवर बसतो, आमची आजीपण टाकायची. पण कडकडीत वाळलेला टाकायची, ओला नाही.