मेल्याची तारीख पाठ, जगणं मात्र माहीत नाही

पुस्तकात पेन्सिलीने खुणा करायची माझी जुनी सवय आहे, आणि परवा प्राण्यांवरची, नामशेष झालेल्या जातींवरची सगळी पुस्तकं खाली काढून बसले होते तेव्हा सहज म्हणून फक्त त्या खुणाच बघत गेले. ३ जून १८४४. खाली दोन रेघा. १ सप्टेंबर १९१४. ७ सप्टेंबर १९३६. म्हणजे ग्रेट ऑक नावाच्या, उडता न येणाऱ्या समुद्रपक्ष्याची शेवटची जोडी आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर मारली गेली तो दिवस, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था ही शेवटची पॅसेंजर पिजन, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं एक रानकबुतर, गेली तो दिवस, आणि टास्मानियात होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा थायलसीन, म्हणजे ज्याला टास्मानियन वाघ म्हणतात तो पट्टेवाला प्राणी, गेला तो दिवस. सगळ्या मरणाच्या तारखा! मग मी स्वतःलाच विचारलं की बाई, ग्रेट ऑकचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर खडकावर किती दिवस राहायचं? पाण्यात कधी उतरायचं? आठवेना. पुस्तकं उलटीपालटी केली. एका जाडजूड पुस्तकात त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे, त्यातली जवळजवळ सगळी पानं त्याला कसं मारलं, कुणी मारलं, कातडं कुठे गेलं यावर. पिल्लाबद्दल चार ओळी, त्याही अंदाजाने लिहिलेल्या, कारण पक्षी होता तेव्हा हे कुणी नीट बघून लिहूनच ठेवलं नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. नामशेष प्राण्यांवरची आपण वाचतो ती बरीचशी पुस्तकं पोस्टमॉर्टेमसारखी लिहिलेली असतात. प्रकरणाचा साचा ठरलेला, आधी खूप होते, मग जहाजं आली, बंदुका आल्या, उंदीर आले, मग थोडे उरले, मग एकच उरला, मग तोही गेला. पहिल्या प्रकरणाला डोळ्यात पाणी येतं, चौथ्याला नुसतं हं म्हणून पान उलटतो आपण, आणि यात वाचणाऱ्याचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. ज्याला आपण कधी भेटलोच नाही त्याच्या जाण्याचं दुःख किती वेळ टिकणार?

डोडोचंच बघा ना. कुणालाही विचारा, जाड, ढब्बू, मंद पक्षी, म्हणून संपला. १६६२ नंतर त्याची खात्रीची नोंद नाही, म्हणजे साडेतीनशे वर्षं हा बिचारा बावळटपणाचा शिक्का घेऊन पुस्तकांतून फिरतोय. २०१७ मध्ये त्याच्या हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून केलेला एक अभ्यास आला. त्यात असं दिसलं की पिल्लं साधारण ऑगस्टच्या सुमाराला जन्मायची आणि भराभर वाढायची, कारण पुढे मॉरिशसवर चक्रीवादळांचे दिवस येतात, आणि ते दिवस सरले की मार्चच्या आसपास मोठे पक्षी पिसं टाकून नवी घ्यायचे. वादळाच्या आधी पिल्लू उभं करणारा, वादळ सोसून झाल्यावर कपडे बदलणारा पक्षी! हे वाचलं आणि पहिल्यांदा मला डोडो हा त्या बेटावर व्यवस्थित संसार करणारा जीव म्हणून दिसला. मंद वगैरे काही नाही, तो त्याच्या बेटाला पक्का ओळखून होता, फक्त माणूस आणि माणसाने आणलेली डुकरं, माकडं, उंदीर हे त्याच्या ओळखीत नव्हते.

आता स्टेलरबद्दल सांगते, कारण त्याच्यामुळेच ही पोस्ट लिहायला घेतली. गेऑर्ग विल्हेल्म स्टेलर, जर्मन निसर्गशास्त्रज्ञ, कप्तान बेरिंगच्या समुद्रमोहिमेत जहाजावर होता. नोव्हेंबर १७४१ मध्ये त्यांचं जहाज रशियातल्या कामचाटका द्वीपकल्पाच्या पूर्वेला एका ओसाड बेटाला लागलं आणि तिथेच मोडलं, निम्मी माणसं स्कर्व्हीने (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने) खंगलेली, डिसेंबरात खुद्द बेरिंग गेला. अशा अवस्थेत हा माणूस किनाऱ्यावर उभा राहून समुद्रात चरणारी जनावरं बघत होता आणि लिहीत होता. आठेक मीटर लांब, कित्येक टन वजनाची समुद्रगाय. तोंडात दात नाहीत, त्याजागी दोन खरखरीत पट्ट्या, त्यांनी केल्प म्हणजे ते लांबच लांब समुद्री शेवाळ रगडून खायचं. कातडी जुन्या ओकच्या सालीसारखी. पूर्ण बुडी मारताच यायची नाही, त्यामुळे चरताना पाठ कायम पाण्याबाहेर आणि त्या पाठीवर समुद्रपक्षी बसून कातडीतले किडे टिपायचे. कळप चरायला लागला की पिल्लांना मध्ये ठेवायचे.

आणि मग ते पान. उपाशी माणसांनी गळ टाकून एक मादी ओढली, तर बाकीची जनावरं पळाली नाहीत, काही दोरावर अंग टाकून तो तोडायला बघत होती, काही शेपटीने गळ काढायला बघत होती. मादी किनाऱ्यावर मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं मांस कापायला गेली तर नर तिच्याजवळ पाण्यात थांबलेला. तिसऱ्या दिवशी स्टेलर एकटा आतडी तपासायला गेला, तेव्हाही तो तिथेच होता.

एवढंच लिहिलंय त्याने. 

माझी पेन्सिल त्या पानावर चाललीच नाही, पुस्तक तसंच पोटावर ठेवून बराच वेळ पडून राहिले. स्टेलर १७४६ मध्ये, चाळिशीही न गाठता वारला. त्याचं पुस्तक १७५१ साली, तो गेल्यावर छापलं गेलं. आणि ती समुद्रगाय १७६८ पर्यंत संपली, माणसाने शोधल्यापासून फक्त २७ वर्षांत! जिवंत समुद्रगाय बघून तिचं सविस्तर वर्णन लिहिणारा शास्त्रज्ञ जगाच्या इतिहासात हा एकटाच. तो त्या हिवाळ्यात फक्त स्वतःच्या जिवाची काळजी करत बसला असता (आणि कुणी नावं ठेवली नसती) तर आज आपल्याकडे हाडं असती आणि एक साल असतं, बस.

कुणी म्हणेल हे सगळं भावनेचं झालं. तसं नाहीये. प्राणी कसा जगतो हे कळल्याशिवाय तो का संपतो हे कळतच नाही. समुद्रगायींना फरच्या व्यापारासाठी जाणाऱ्या शिकाऱ्यांनी वाटेतलं मांस म्हणून मारलं हे तर खरंच, पण ते शिकारी मुळात कशामागे होते? समुद्री पाणमांजरांच्या फरमागे. आणि पाणमांजर खातं सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोल समुद्री जीव, आणि सी अर्चिन खातं केल्प. पाणमांजरं मारली की अर्चिन माजतात आणि केल्पचं रान फस्त करतात, म्हणजे समुद्रगायीवर एकीकडून भाला आणि दुसरीकडून उपासमार असं दोन्ही झालं असावं असं काही शास्त्रज्ञ मांडतात. पॅसेंजर पिजनचंही तसंच. उत्तर अमेरिकेत तीन ते पाच अब्ज होते असा अंदाज आहे, थवा डोक्यावरून जायला तासन्‌तास लागायचे, मग इतके संपले कसे? तर मादी एका वेळी एकच अंडं घालायची, आणि घरटी लाखांनी एकत्र, मैलोन्‌मैल पसरलेली. थवा कुठे उतरलाय हे तारेने कळायचं, शिकारी रेल्वेने पोचायचे, पिंपंच्या पिंपं भरून शहरात माल जायचा, आणि पिल्लं वाढायच्या आतच वसाहत उठायची. गर्दी हीच ज्याची ढाल होती त्याच्या गर्दीचाच पत्ता लागला. हे समजलं की मार्थाचं एकटीने मरणं समजतं, नाहीतर ती पिंजऱ्यातली एक म्हातारी कबुतरीण.

रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ मध्ये आलं, त्याने एवढी खळबळ का उडाली असेल? माझ्या मते तरी त्याचं कारण हे की कीटकनाशक फवारल्यावर ते पानावरून गांडुळात, गांडुळातून रॉबिन पक्ष्यात कसं जातं हे तिने पायरीपायरीने दाखवलं. आणि त्यानंतर १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने काय केलं तर जुन्या संग्राहकांच्या पेट्यांतली बहिरी ससाण्यांची अंडी काढली, वजनं घेतली, मापं घेतली, आणि १९४० च्या दशकाच्या शेवटापासून कवच पातळ होत गेलंय हे दाखवून दिलं. आई अंड्यावर बसायची आणि अंडं तिच्याच वजनाने फुटायचं, मागे डीडीटी हे कीटकनाशक. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. घरटी लुटणाऱ्या छंदी लोकांच्या पेट्याच शेवटी साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या.

संवर्धनावरची पुस्तकं त्यामानाने मला जास्त आवडतात, पण तिथेही यशोगाथा म्हणून गुळगुळीत केलेली नकोत, कष्ट आणि चुका सांगणारी हवीत. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरचा ब्लॅक रॉबिन १९८० मध्ये पाचावर आला होता. पाच पक्षी, त्यात अंडी घालून पिल्लं वाढवणारी मादी एकच, पायात निळी रिंग म्हणून नाव ओल्ड ब्लू. डॉन मर्टन आणि त्याच्या माणसांनी तिची अंडी उचलून टॉमटिट नावाच्या दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घालेल, आणि तिने घातली. आज तिथे अडीचशेच्या वर ब्लॅक रॉबिन आहेत आणि सगळे तिचे वंशज. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. काही माद्या अंडं घरट्याच्या मध्ये न घालता काठावर घालायला लागल्या. काठावरचं अंडं उबवलं जात नाही, ते वाया जातं. मग ही माणसं काय करणार, एकेक अंडं लाखमोलाचं, त्यांनी ते बोटाने हळूच आत ढकललं. प्रत्येक वेळी ढकललं. त्यामुळे काठावर अंडी घालणाऱ्या माद्यांच्या लेकीही जगल्या, त्यांनीही काठावर घातली, आणि होता होता निम्म्याहून जास्त माद्या तसं करायला लागल्या. शेवटी संख्या सावरल्यावर ढकलणं थांबवलं तेव्हा ती खोड आपोआप कमी होत गेली. मायेने लावलेलं बोटसुद्धा एखाद्या जातीला कायमचं माणसावर अवलंबून करू शकतं, हे मला दुसऱ्या कशातूनही इतकं स्वच्छ कळलं नसतं.

अजून एक तक्रार आहे, ती उरकून टाकते. मुखपृष्ठावर नेहमी तेच ते, वाघ, हत्ती, पांडा, ध्रुवीय अस्वल. ख्रिसमस बेटावरच्या पिपिस्ट्रेल वटवाघळाचं कुणाला माहितीये? तीनेक ग्रॅमचा जीव. ऑगस्ट २००९ मध्ये लोक शेवटची वटवाघळं पकडून वाचवायला गेले तर आवाज टिपणाऱ्या यंत्रावर एकच वटवाघूळ ऐकू येत होतं, मग एका रात्रीनंतर तेही नाही. एवढ्याशा जिवावर अख्खं पुस्तक कुणी लिहिलं तर मी रांगेत पहिली उभी राहीन.

माझी एक मैत्रीण म्हणाली, अगं पण मरणच सांगितलं नाही तर लोक जागे कसे होणार? तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्यामुळेच मी पुन्हा ग्रेट ऑककडे गेले. १८५८ मध्ये जॉन वुली आणि आल्फ्रेड न्यूटन हे दोन इंग्रज पक्षीतज्ज्ञ तो पक्षी बघायला आइसलँडला गेले. पक्षी आधीच संपलाय याची त्यांना खात्री नव्हती. समुद्र इतका खवळलेला की एल्डीपर्यंत जाताच येईना, मग दोघं किनाऱ्यावर थांबून राहिले आणि १८४४ च्या त्या शेवटच्या शिकारीला गेलेल्या माणसांना शोधून त्यांच्याशी बोलत बसले. पुढे न्यूटन समुद्रपक्ष्यांच्या रक्षणासाठी उभा राहिला, १८६९ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला. पण त्या दोघांनी फक्त कुणी मारलं एवढंच विचारलं नव्हतं. पक्षी चालायचा कसा, ओरडला का, हेही विचारलं. आणि त्या माणसांनी सांगितलं की ते दोन्ही पक्षी कड्याखालून ताठ मानेने निघाले, छोटे पंख जरासे पसरलेले, आवाज अजिबात केला नाही, तोकडी पावलं टाकत साधारण माणूस चालेल त्या वेगाने जात होते.

३ जून १८४४ खालच्या माझ्या दोन रेघा मी खोडल्या नाहीत, पण या ओळींखाली आता तिसरी आणि चौथी मारलीये. तुमच्याकडे असं एखादं पान असेल, कुठल्याही प्राण्याचं, गोगलगाय असो की बेडूक, ज्यात तो प्राणी नुसता जगतोय, खातोय, पिल्लाला सांभाळतोय, तर पुस्तकाचं नाव आणि पान नंबर दोन्ही कळवा, मला वाचायचंय.