काउंट बरे असतील त्या दिवशी

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात वाद पेटला. कुणीतरी एक व्हिडिओ टाकला होता, कॅन्सर झालेल्या मुलाला भेटायला आलेल्या एका क्रिकेटपटूचा. सोलापूरहून काकांनी लगेच लिहिलं, "आधी औषधपाण्याचं बघा म्हणावं, हे लाड नंतर." आत्याचा प्रश्न वेगळा होता : "आजारी लेकराला एवढ्या गर्दीत नेतं का कुणी?"

मी बॉस्टनमध्ये राहते. इथल्या फेनवे पार्कवर बेसबॉल बघताना एकदा माझ्या पुढच्या रांगेत सात-आठ वर्षांची मुलगी होती. डोक्यावर केस नव्हते, तोंडाला मास्क, मनगटावर हॉस्पिटलचा पट्टा, आणि हातात तिच्या तोंडापेक्षा मोठा चामडी ग्लोव्ह. चेंडू आपल्याकडे येणारच, या खात्रीने ती तो उघडा धरून बसली होती. आई दर थोड्या वेळाने तिच्या दुसऱ्या हाताला सॅनिटायझर लावायची. ती न बघताच हात पुढे करायची, नजर मैदानावरून हलायची नाही. पाचव्या डावात ग्लोव्ह छातीशी धरून झोपून गेली.

काका, लाड आणि औषध यांची या शहरात फार जुनी सोबत आहे. 1948च्या मे महिन्यात इथल्या हॉस्पिटलमध्ये कॅन्सर झालेल्या बारा वर्षांच्या एका मुलाच्या खोलीतून रेडिओ कार्यक्रम झाला. बॉस्टन ब्रेव्हज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेपाशी आले. मुलाला त्यांचे सामने बघायला टीव्ही हवा होता. ऐकणाऱ्यांनी टीव्ही तर दिलाच, वर दोन लाख डॉलरहून जास्त पैसे पाठवले. त्यातून जिमी फंड उभा राहिला. ब्रेव्हज 1953मध्ये शहर सोडून गेले, तेव्हा शहरातल्या दुसऱ्या बेसबॉल संघाने, रेड सॉक्सने, तो फंड आपला मानला. आजही तो पैसा डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या उपचारांना आणि संशोधनाला जातो. त्या संध्याकाळच्या लाडाने औषधाचा पैसा खाल्ला नाही, आणला.

त्या मुलावर उपचार करणारे डॉ. सिडनी फार्बर त्याच सुमारास ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलांना जी औषधं देत होते, ती आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवली होती. त्यातलंच मेथोट्रेक्सेट आज परळच्या टाटात मुलांना देतात.

आणखी एक. रेडिओवर सांगितलेलं 'जिमी' हे त्या मुलाचं खरं नाव नव्हतं. आयनार गुस्ताफसन हे नाव लोकांना कळलं ते थेट 1998मध्ये, तो स्वतः पुढे आला तेव्हा. आणि आपल्या ग्रुपवरच्या व्हिडिओत मुलाचा चेहरा, नाव, गाव, सगळं होतं. माझा राग त्यावर आहे, भेटीवर नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. विमा असूनही घरं कर्जात बुडतात. पण आजारी मूल चारचौघांत दिसलं तर कुणी कुजबुजत नाही. आपल्या नात्यातल्या एका मुलाला केमो चालू होती, तेव्हा वर्षभर सगळ्यांना कावीळ सांगितली. दारावर कुणी आलं की त्याला आतल्या खोलीत न्यायचे. तो खिडकीतून गल्लीतलं क्रिकेट बघायचा आणि धावा वहीत लिहायचा. ती वही अजून त्याच्याकडे आहे. बरा झाला तो, पण त्या वर्षाबद्दल घरात अजूनही कुणी बोलत नाही.

वानखेडेवर आयपीएलचा एक सामना हजारो गरजू मुलांसाठी राखलेला असतो, म्हणजे मुलांनी स्टेडियम भरायची सवय मुंबईला आहे. टाटापासून वानखेडे काही फार लांब नाही. उपचारासाठी बिहार-बंगालहून आलेली, महिनोन्महिने मुंबईत राहून समुद्रही न पाहिलेली मुलं टाटात आहेत. त्यांच्यासाठी सावलीतला एक कोपरा, मोकळ्या खुर्च्या, एक नर्स आणि गर्दी सुटायच्या आधी बाहेर पडायची वाट, एवढं करता येईल. कॅमेरा नको.

आत्याचा प्रश्न मात्र रास्त आहे. इथेही आधी रक्त तपासतात, काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, बघतात आणि डॉक्टर हो म्हणाले तरच मूल घराबाहेर पडतं. नाही म्हणाले, तर तिकीट पुढच्या सामन्याचं काढतात.